२०१३ च्या स्विफ्टचं सस्पेन्शन, वारज्यातल्या पार्किंगमध्ये केलेलं काम

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१३ ची, ९८ हजार किलोमीटर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा लोखंडी दांडा), टायर १६५/८० आर १४. शॉकर (स्प्रिंगचं डोलणं थांबवतो तो) आणि स्प्रिंग कंपनीच्याच, कधी उघडलेल्या नाहीत. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातली रबरं) तेवढे गेल्या वर्षी एका गॅरेजमधून बदलून घेतले होते.

त्रास असा की कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना ६० च्या स्पीडला लेन बदलली की गाडी आधी एकीकडे झुकते, सरळ होते आणि मग परत दुसरीकडे झुकते, तोवर मागचा ट्रक अंगावर आलेला असतो. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं एस वळण आहे तिथे तर स्टिअरिंग दोनदा-तीनदा दुरुस्त करावं लागतं. महिन्यातून एकदा तरी आई-बाबांना घेऊन गावी जाणं असतं आणि बाबांना मणक्याचा त्रास आहे, त्यामुळे गाडी रस्त्याला चिकटून चालली पाहिजे आणि मागे बसणाऱ्याला दणकेही बसता कामा नयेत, दोन्ही पाहिजे. हे दोन्ही एकत्र होतं का हेच बघायचंय.

आज फक्त तपासणी केली. सपाट फरशीवर गाडी लावून, टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून, व्हील सेंटरपासून फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोजली. पुढे डावीकडे ३८१ मिलिमीटर, उजवीकडे ३७२. नऊ मिलिमीटरचा फरक म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय. डावा शॉकर तेलाने ओला, उजवा कोरडा. बॉनेटवर दाबून सोडायची टेस्ट केली त्यात काही कळत नाही, चांगलं-वाईट सारखंच वाटतं. त्यापेक्षा धाकट्या भावाला सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून २० ने गाडी न्यायला सांगितली आणि खाली बसून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये पुढच्या चाकाचा व्हिडिओ काढला. चाक ब्रेकर उतरून गेल्यावर बॉडी खाली, वर, परत खाली, परत वर आणि मग थांबते. चांगला शॉकर असेल तर एकदा खाली जाऊन वर आली की तिथेच थांबायला पाहिजे. हा व्हिडिओ जपून ठेवा, नंतर त्याच ब्रेकरवर त्याच स्पीडने परत काढायचा, मनाच्या वाटण्यापेक्षा तो जास्त खरा.

लिंक रॉड (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर, त्याला जोडणारी कांडी) हाताने हलवला की टकटक. लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये टॉमी (लोखंडी सळई) घालून उचकटलं तर रबर अर्ध्यापर्यंत फाटलेलं. गेल्या वर्षीच बदललेला बुश हा! कारण पुढे १ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नाना पेठ, पार्ट घ्यायला. सकाळी अकराच्या आत गेलात तर दुकानदार बोलायला मोकळे असतात, नंतर गॅरेजवाल्यांची गर्दी सुरू होते.

गॅब्रिएलचे गॅसवाले शॉकर घेतले, पुढची जोडी ५,२०० आणि मागची ३,१००. गॅस का, तर साध्या तेलाच्या शॉकरमध्ये सलग खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि फेस आला की शॉकर ढिला पडतो, गॅसच्या प्रेशरमुळे तो फेस कमी होतो. आपल्याकडे खडी उखडलेला रस्ता एकदा लागला की किलोमीटरच्या किलोमीटर तसाच, तिथे हा फरक पडतो. पुढच्या स्प्रिंगची जोडी ३,४००, माउंटिंग (स्ट्रटचं वरचं टोक गाडीला धरतं ते) बेअरिंगसकट २,३००, बंप स्टॉप (शॉकर पूर्ण दबला की ज्यावर टेकतो ते रबर) आणि डस्ट कव्हर १,१००, लोअर आर्म पूर्ण जोडी ३,९००, लिंक रॉड १,१५०, स्टॅबिलायझरचे बुश २६०. लोअर आर्मचे नुसते बुश प्रेसवर बदलता येतात पण आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंटही एवढाच चाललेला आहे, म्हणून पूर्ण आर्म.

पॉलीयुरेथेनचे बुश घ्यायचे का हा विचार खूप केला. स्टिअरिंग टाइट होतं हे खरंच, पण पुण्यातल्या काँक्रीटच्या रस्त्यांच्या प्रत्येक सांध्याचा ठोका मग केबिनमध्ये येतो आणि ग्रीस वाळलं की बुश कुरकुरायला लागतात. बाबांच्या मणक्याचा विचार करून रबरच.

संध्याकाळी बोहरी आळीतून टूल. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळायचा पाना) ३,२००, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचा) १,४००, जॅक स्टँडची जोडी १,९००. स्टँडवर पैसे वाचवू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, विटांवर तर अजिबातच नाही, वीट फुटताना आधी सांगत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुढची डावी बाजू. सगळ्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी लिंक रॉडचा नट फिरला तो पिनसकट फिरला. पिनच्या टोकाला ॲलन की घालून धरायची असते पण तिथला खड्डा गंजून गोल झालेला. शेवटी ग्राइंडरने नट कापला. आमच्याकडे दुपारी दोन ते चार आवाज बंद असतो त्यामुळे हे काम चारनंतर, अर्धा दिवस तिथेच गेला. लिंक रॉड नवीनच टाकायचा असेल तर सोडवायच्या नादाला लागूच नका, थेट कापा.

स्ट्रट काढताना ब्रेकचा होस स्ट्रटच्या ब्रॅकेटवरून आधी मोकळा करायचा आणि हब (चाक बसतं तो भाग) तारेने वर बांधून ठेवायचा, सगळं वजन होसवर लोंबकळू द्यायचं नाही. स्ट्रटला हब धरणारे जे दोन बोल्ट आहेत त्यांच्या भोकात थोडीशी मोकळीक असते आणि तेवढ्यावरसुद्धा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, हलतो. म्हणून नवीन स्ट्रट लावल्यावर चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला ढकलून धरूनच बोल्ट आवळले, भावाने धरलं मी आवळलं, आणि दुसऱ्या बाजूलाही हेच करायचं म्हणजे दोन्हीकडे सारखं राहतं.

स्प्रिंग कॉम्प्रेस करताना दोन्ही हुक समोरासमोर, आणि एकेक करून थोडं थोडं आवळायचं. वरचा नट सुटायच्या क्षणी स्प्रिंगच्या तोंडासमोर कुणी उभं राहू नये, लहान मुलांना तर पार्किंगमध्ये येऊच देऊ नका. नवीन शॉकर बसवायच्या आधी उभा धरून रॉड काही वेळा पूर्ण खाली-वर करून घेतला, आडवा पडून राहिल्यामुळे आत जी हवा इकडेतिकडे गेलेली असते ती निघते. रॉड पकडायला पक्कड लावायची नाही, एक चरा पडला तरी सील तिथूनच जातं.

रात्री गाडी खाली उतरवली. डावीकडची उंची ४०२. जुनी स्प्रिंग बसली असणार असं धरलं, पण २१ मिलिमीटर जरा जास्तच वाटतंय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि लगेच उजवी बाजू उघडली.

नऊ मिलिमीटरचं कारण सापडलं. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटलेला. गाडीवर असताना दिसणं शक्यच नव्हतं कारण तुटलेला तुकडा खालच्या सीटमध्ये मातीत घट्ट रुतून बसलेला, बाहेरून स्प्रिंग पूर्ण वाटते. बाहेर काढल्यावर तो तुकडा हातात आला, बोटभर लांब, तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा-तपकिरी गंजलेला आणि उरलेला अर्धा राखाडी, दाणेदार. म्हणजे आधी चीर पडली, तिच्यात पाणी जात राहिलं आणि कधीतरी एखाद्या खड्ड्यात उरलेलं तुटलं. असा तुटका वेढा पुढे टायरला लागू शकतो. तुमच्या गाडीची उंची डावी-उजवीकडे वेगळी येत असेल तर आधी हे बघा, शॉकर नंतर.

संध्याकाळी दोन्ही बाजू झाल्या, उंची ४०२ आणि ४०३. नाक वर करून उभी आहे. चालवली तर पुढून कडक, ब्रेकरवर चाक खाली लोंबतं आणि ठक्क असा आवाज, म्हणजे शॉकर पूर्ण उघडतोय. जुनी डावी स्प्रिंग नव्या पॅकिंगशेजारी ठेवून बघितली. रंगाच्या खुणा वेगळ्या. व्हर्निअरने तार मोजली तर जुनी ११.८ आणि नवीन १२.४ मिलिमीटर. डिझेलची स्प्रिंग दिलीये. डिझेलचं इंजिन जड म्हणून तिची पुढची स्प्रिंग जाड असते, तीच पेट्रोलवर टाकली की हे असं होतं.

बरेच जण मुद्दाम डिझेलची स्प्रिंग टाकून ग्राउंड क्लिअरन्स वाढवतात. मला ते पटत नाही. गाडी आधीच वर उचलली गेली की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, खड्डा आला की टायर रस्ता सोडतो आणि ज्या टायरने रस्ता सोडला त्याने वळणारही नाही, थांबणारही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल नाना पेठेत जाऊन स्प्रिंग बदलून आणल्या. बसवलेला माल परत घेत नाही म्हणाले, बिलावर पेट्रोल लिहिलेलं दाखवल्यावर घेतला, तरी ६०० कापलेच. बिलावर मॉडेल, वर्ष, इंधन लिहून घ्यायचंच आणि जुनी खूण मोबाईलमध्ये फोटो काढून न्यायची.

आज दोन्ही स्ट्रट परत खाली, परत कॉम्प्रेसर, सगळं परत. हात बसल्यामुळे यावेळी दुपारच्या आतच झालं. उंची ३८९ आणि ३८८. अशी पाहिजे.

उघडलंच आहे तर एक गोष्ट केली, ती सगळ्यांनी करावी. दोन्ही शॉकरच्या रॉडला एकेक बारीक केबल टाय आवळून लावला, अगदी खाली, शॉकरच्या बॉडीला टेकवून. शॉकर जेवढा दबेल तेवढा टाय रॉडवर वर सरकतो आणि तिथेच राहतो. काही दिवस गाडी चालवायची, मग डस्ट कव्हर वर सरकवून टाय कुठे आहे ते बघायचं. सस्पेन्शन किती वापरलं जातंय ते वीस रुपयांत कळतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसला जाताना पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की डावीकडून टण्ण. सरळ रस्त्यावर काही नाही. संध्याकाळी भावाला स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि मी स्प्रिंगवर हात ठेवून बसलो. स्ट्रटबरोबर स्प्रिंग फिरत नव्हती, पीळ भरत भरत एकदम सुटत होती, हाताला झटका बसतो तेव्हा. म्हणजे वरचं बेअरिंग अडकतंय.

३० नोव्हेंबर, शनिवार

डावा स्ट्रट परत काढला. नव्या माउंटिंगबरोबर आलेलं बेअरिंग हाताने फिरवलं तर खडखड, एका जागी चक्क थांबतं. उजवंही तसंच निघालं. कंपनीच्या पार्ट काउंटरवरून ओरिजिनल बेअरिंगची जोडी आणली, ९००. ती बोटाने ढकलली की गुळगुळीत फिरत राहते. दुकानातच पाकिटातून काढून फिरवून बघा, तीस सेकंदांचं काम आहे आणि त्यासाठी माझा अख्खा शनिवार गेला.

आवाज बंद. आणि स्टिअरिंग आता वळणानंतर स्वतःहून सरळ येतंय, आधी ते ओढून आणावं लागायचं. हा फरक मला वाटलं होतं अलाइनमेंटने पडेल, पडला बेअरिंगने.

१ डिसेंबर, रविवार

लोअर आर्म. डावा आर्म तासाभरात निघाला. उजव्याचा पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटलेला, डोकं फिरतं तर नळीही फिरते आणि रबर पिळवटतं. स्प्रे, हातोडा, लांब पाइप, सगळं झालं. शेवटी ग्राइंडरने आर्म आणि ब्रॅकेटच्या फटीतून बोल्ट दोन्हीकडे कापला. ब्रॅकेटला घासलं जाऊ नये म्हणून मध्ये पत्रा धरला होता.

बोल्ट पार्ट काउंटरवर शिल्लक नाही, ऑर्डर दिली, १८० रुपये. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे लावायचा नाही, चाक धरून ठेवणारा बोल्ट आहे हा. गाडी स्टँडवर, आठवडाभर बस आणि भावाची ॲक्टिव्हा.

आता तो वर्षात फाटलेला बुश. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट बसते, मग आर्म वर-खाली होताना रबरच पिळतं. लिफ्टवर चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची सरळ स्थिती ती लोंबकळलेली ठरते. गाडी खाली उतरवली, वजन आलं, आर्म वर गेला की नुसतं उभं असतानाच रबर पिळलेलं. त्यात खड्डे. वर्षात फाटणारच. गेल्या वर्षी मी समोर उभा होतो, लिफ्टवरच एअर गनने आवळून मोकळे झाले होते. गॅरेजमध्ये काम देत असाल तरी एवढं एक सांगा, दादा आर्मचे बोल्ट गाडी खाली घेऊन, वजनावर आवळा. तिथे उभं राहून करून घ्या.

८ डिसेंबर, रविवार

बोल्ट आला. दोन्ही आर्म, लिंक रॉड, स्टॅबिलायझर बुश लागले. घरी लिफ्ट नाही म्हणून चारही टायरखाली जाड सागाच्या फळ्या घातल्या, खाली झोपून हात जाण्यापुरती जागा झाली आणि गाडी स्वतःच्या वजनावर उभी. मागची चाकं उटी लावून, हँडब्रेक, पहिला गिअर. मग गाडी दोन-चार वेळा दाबून बसवली आणि सगळे बुशचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळले. लिंक रॉडचे नटही आत्ताच.

त्याच ब्रेकरवर व्हिडिओ. पुढचं टोक एकदा खाली, वर आणि थांबलं. मागचं मात्र अजून डोलतंय, आधी दोन्ही डोलत होती म्हणून मागचं लक्षात आलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

मागचे शॉकर. पुढच्याच्या मानाने काहीच नाही, सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आधी आंघोळ करून बसलो होतो. एकच काळजी, शॉकरचा बोल्ट काढायच्या आधी बीमखाली जॅक लावायचा कारण बीमला खाली पडू न देणारा तो शॉकरच असतो, तो सुटला की बीम खाली जातो आणि स्प्रिंग निसटते, ब्रेकचा होस ताणला जातो. एका वेळी एकच बाजू. खालचा बोल्ट इथेही वजनावरच आवळला.

जुना डावा शॉकर हाताने दाबला तर विरोध न करता आत गेला आणि तिथेच राहिला.

बीमच्या बुशला बारीक चिरा दिसल्या. हलत नाहीयेत, आत्ता राहू दे.

१७ डिसेंबर, मंगळवार

अलाइनमेंट, ७००. आधीचा रिपोर्ट मागून घेतला. कॅम्बर डावी-उजवीकडे जवळजवळ सारखा आला, चाक आत ढकलून बोल्ट आवळल्याचा फायदा. या गाडीत पुढचा टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) तेवढा ॲडजस्ट होतो. टो बराच बाहेर गेलेला, आर्म बदलल्यावर जाणारच. टो असा बाहेर राहिला की टायर आतल्या कडेने खातात.

मशीनवर चढवायच्या आधी हवा चेक करायला लावा आणि स्टिअरिंग सरळ लॉक केल्याशिवाय टाय रॉडला हात लावू देऊ नका. माझं पहिल्यांदा डावीकडे वाकडं आलं, तिथल्या तिथे चक्कर मारून परत गेलो आणि करून घेतलं. बाहेर पडून गेलात की परत रांग.

२२ डिसेंबर, रविवार

केबल टाय बघितले. गेला महिनाभर, स्टँडवरचा आठवडा सोडला तर, गाडी रोजच्या रस्त्यांवर होती, दोनदा चार माणसं बसवून धायरीकडचे ते उंच ब्रेकर. दोन्ही टाय बंप स्टॉपला जाऊन भिडलेले. म्हणजे पूर्ण स्टॉक उंचीवरसुद्धा शॉकरची खाली जायची जागा संपतेय. रिकाम्या गाडीत शॉकरची बॉडी आणि बंप स्टॉपमध्ये मोजलं तर ४० मिलिमीटर आहे.

आता लोअरिंग स्प्रिंगचं, म्हणजे गाडी मुद्दाम खाली बसवणाऱ्या स्प्रिंगचं, गणित करा. ३५ मिलिमीटर खाली करणारा सेट टाकला तर उरले ५. वळणात गाडी झुकली की बाहेरचा शॉकर तेवढा दबतोच, म्हणजे अख्खं वळण बंप स्टॉपवर. बंप स्टॉपवर टेकली की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, मध्येच खड्डा आला की पुढचा टायर उडतो आणि गाडी सरळ निघून जाते. ऑफिसातल्या एकाची अशी खाली केलेली गाडी आहे, त्याने आपुलकीने चालवायला दिली. सपाट हायवेला खरंच सुंदर, लेन बदलली की झुकतच नाही. पण सिंहगडाच्या घाटात, गोळेवाडीच्या पुढे जिथे वळणातच रस्ता उखडलाय, तिथे ३० च्या स्पीडलाही पुढचं टोक बाहेर उडी मारत होतं. आपल्या रस्त्यांवर गाडीला पकड मिळते ती चाकाला वर-खाली व्हायला जागा असते म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, इन्शुरन्स क्लेमच्या वेळी हे आठवतं. पण कायदा नसता तरी मी टाकल्या नसत्या.

२९ डिसेंबर, रविवार

गावी जाऊन आलो, आई-बाबा मागे. जाताना खंबाटकी घाट चढून, येताना बोगदा. एस वळणात स्टिअरिंग एकदा धरलं ते धरलं, मध्ये दुरुस्त करावं लागलं नाही. मी स्पीड मुद्दाम वाढवलेला नव्हता, ते वळण त्यासाठी नाहीच, पण शेजारून ट्रक जात असताना गाडी आपल्या लेनमध्ये शांत राहते याची किंमत मोठी आहे. बाबा शिरवळच्या पुढे झोपले. आधी ते पुढचा खड्डा येतोय का बघत वरचं हँडल धरून बसायचे.

एक तक्रार उरली. वळणात शिरताना पहिला क्षणभर काही होत नाही आणि मग गाडी वळते. सस्पेन्शन टाइट झालं तसं हे जास्त जाणवायला लागलं. टायरची भिंत वाकतेय.

१२ जानेवारी २०२५, रविवार

टायर. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला, कंपनीकडूनच १८५/६५ आर १५ यायचे, त्यामुळे तोच साइज. हिशोब करून घेतला: १६५/८० आर १४ चा बाहेरचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर आणि १८५/६५ आर १५ चा ६२१.५, स्पीडोमीटरमध्ये नावाला फरक. भिंत मात्र १३२ वरून १२० वर येते आणि रुंदी २० ने वाढते. झेडएक्सआयचे जुने ओरिजिनल अलॉय १२,००० ला मिळाले, घेण्याआधी चारही बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघितले, त्यातला एक वाकडा होता तो बदलून मागितला. टायर ५,६०० चा एक, चार घेतले, २२,४००.

तो उशीर गेला. वळवलं की वळते. ओल्या रस्त्यावरचं पावसाळ्यात कळेल. रस्त्याचा आवाज थोडा वाढलाय आणि काँक्रीटच्या सांध्यावर बारीक टप टप जाणवते, भिंत कमी झाली तेवढं होणारच. आईला काही फरक वाटला नाही म्हणाली, म्हणजे चालेल. ५० रुपयांचा विषय नाहीये हा, ३४,४०० आहेत. तुमचे टायर चांगले असतील तर ते संपेपर्यंत थांबा, सस्पेन्शनचं काम त्याच्याशिवायही पूर्ण उपयोगी आहे.

१९ जानेवारी, रविवार

हजार किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने बघितले. डाव्या लिंक रॉडचा खालचा नट पाव फेरा आवळला गेला, बाकी सगळे जागेवर. उंची पुढे ३८७ आणि ३८७, नवीन स्प्रिंग थोडी बसली. अलाइनमेंट परत केलं, अजून ७००, टो किंचितच हललेला होता.

खर्च: पार्ट २१,३१०, त्यात ते ९०० चं बेअरिंग धरलंय. बोल्टचे १८०, स्प्रिंग परत करताना गेलेले ६००, दोन्ही अलाइनमेंट १,४००, टूल ६,५००, चाकं आणि टायर ३४,४००. एकूण ६४,३९०. बजेट कमी असेल तर क्रम असा लावा: आधी बुश, आर्म आणि लिंक रॉड, मग स्प्रिंग तपासून शॉकर माउंटिंगसकट, मग अलाइनमेंट, आणि टायर सगळ्यात शेवटी. अलाइनमेंट आधी करून पैसे घालवू नका, आर्म सुटला की ते परत करावंच लागतं.

बीमच्या बुशच्या चिरा फोटो काढून ठेवल्यात, दर दोन महिन्यांनी नवा फोटो काढून त्यांच्याशेजारी ठेवून बघणार. वाढल्या तर बीम काढून भोसरीला हायड्रॉलिक प्रेसवर नवीन बुश दाबून घ्यायचे, ते घरी होण्यासारखं काम नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि स्टँड वारजे-कर्वेनगर भागात कुणाला पाहिजे असतील तर घेऊन जा, फक्त कॉम्प्रेसर पहिल्यांदा वापरणार असाल तर मी येतो बरोबर.